विडी वळून बोटं झिजली म्हणून बँकेत खातं मिळेना : माझा अनुभव

शेजारच्या अक्कांचं बँकेत खातं उघडून देताना जो मनस्ताप झाला, तो अजून डोक्यातून गेलेला नाही. खातं उघडलं, पासबुक हातात आलं, पहिली मजुरीही जमा झाली. तरी लिहितेय, कारण सोलापूरच्या पूर्व भागात अक्कांसारख्या बायका गल्लोगल्ली आहेत. काउंटरवरून जे सांगून त्यांना परत पाठवतात, ते नियमाला धरून नसतं. हे त्यांना कोणी सांगत नाही.

अक्का नीलम नगरच्या बाजूला आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. लग्न होऊन आल्या तेव्हापासून विड्या वळतात. मजुरी थोरल्या मुलाच्या खात्यात जायची. मुलगा कामाला पुण्याला गेला, एटीएम कार्डही त्याच्याबरोबर गेलं. स्वतःच्या कष्टाचे पैसे हवे असले की अक्कांनी त्याला फोन करायचा, मग तो कोणाच्या तरी हातून पाठवणार. उरलेले भिशीत. त्यात पीएफचा विषय निघाला, आणि पीएफ काढायला खातं स्वतःच्या नावाचं लागतं. तेव्हा मी म्हटलं, अक्का, चला, खातं काढून टाकू.

सुरुवातीचं सगळं सरळ झालं. आधार होतं, मतदान कार्ड होतं, फोटो काढले. पॅन कार्ड नव्हतं, पण त्याच्याऐवजी पॅन नसल्याचा फॉर्म भरून देता येतो. जनधनचा, म्हणजे किमान शिल्लक न लागणाऱ्या सरकारी योजनेतल्या खात्याचा, फॉर्म मी घरीच भरला. विडी कामगाराचं ओळखपत्र आणि रेशन कार्ड अक्कांनी हौसेने पिशवीत घातलं होतं. ही दोन्ही बँकेच्या केवायसीत (ग्राहकाची ओळख पटवून घेण्यात) चालत नाहीत, त्यांच्या भरवशावर जाऊ नका. आधार, मतदान कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट, रोजगार हमीचं जॉब कार्ड यांतलं एक हवं.

शाखेत गेलो तर फॉर्म न बघताच सांगितलं, जनधन खाती इथे होत नाहीत, बँक मित्राकडे (बँकेच्या वतीने बाहेर काम करणाऱ्या माणसाकडे) जा. गेलो. एका मोबाइलच्या दुकानात एका पोराचं टेबल, त्यावर लॅपटॉप आणि बोट ठेवायचं यंत्र. अक्कांनी अंगठा ठेवला. लाल. पुन्हा ठेवला. लाल. शेजारचं बोट, लाल. पोराने काच पुसली, अक्कांच्या बोटाला पाणी लावलं, दाबून धरायला सांगितलं. पोरगा चांगला होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, फिंगर येईना. विडीवाल्या बायकांचं असंच होतंय."

अक्कांची बोटं त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिली. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याच्या साच्यावर कात्रीने कापायची, चिमटीने तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडून बंद करायचं. मजुरीचा हिशेब हजार विड्यांवर असतो. हे सगळं अंगठ्याने आणि त्याच्या शेजारच्या बोटाने करायचं. त्या दोन बोटांवर रेषाच राहिलेल्या नाहीत, कातडी गुळगुळीत आणि पिवळट झालीय. यंत्राला तिथे वाचायला काही नाही. ज्या कामाचे पैसे ठेवायला खातं हवं, त्याच कामाने खात्याची वाट बंद केली होती. मला त्या दुकानात अक्षरशः रडू आलं.

पुन्हा शाखेत. काउंटरवरच्या साहेबांचं म्हणणं, बोट येत नसेल तर आधार अपडेट करून आणा. आधार केंद्रावर टोकन, रांग, ऊन. मार्च संपत आलेला, आणि सोलापूरचं मार्चमधलं ऊन काय असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. अक्कांचा त्या दिवसाचा रोज बुडाला. ज्या बाईला हजार विड्यांमागे मजुरी मिळते, तिचा बँकेतला प्रत्येक हेलपाटा तिच्याच खिशातून जातो. आत गेल्यावर बोटांचे ठसे नव्याने घेतले, पण बोटंच झिजलेली, तर नवे ठसे चांगले येणार कुठून? डोळ्यांचं स्कॅन मात्र लगेच झालं. तिथे एक काम पक्कं झालं, मोबाइल नंबर आधारला जोडून घेतला. आधी तो नव्हताच, त्यामुळे ओटीपीची वाटही बंद होती. तुमच्याकडच्या मावशींचं, आजींचं खातं काढायचं असेल तर हे काम सगळ्यात आधी करा. आणि नंबर त्यांचाच द्या, जावयाचा किंवा शेजाऱ्याचा नको.

अपडेटची पावती घेऊन पुन्हा त्याच काउंटरला. नंबर जोडून व्हायला थोडा वेळ लागतो, तोवर ओटीपी येणार नव्हता. साहेब म्हणाले, "सिस्टीम फिंगर मागते, आमच्या हातात काही नाही." मी मतदान कार्ड पुढे केलं. म्हणाले, आता सगळं आधारवरच होतं. मी विचारलं, हे कुठे लिहिलंय? त्यांनी मागच्या माणसाला पुढे बोलावलं. अक्कांनी माझा हात ओढला, "जाऊ दे अम्मा, आपलं नशीबच असं हाय. भिशी बरी की." या वाक्याचा मला फार राग आला. अक्कांचा नाही, त्यांना हे म्हणायला लावणाऱ्या काउंटरचा. धडधाकट, कमावत्या बाईला दोन-चार वेळा परत पाठवलं की ती स्वतःच म्हणते, बँक आपल्यासाठी नाही. मग भिशी बुडाली की आपणच म्हणायचं, बँकेत का नाही ठेवले?

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, कागद वाचायची सवय आहे. त्या रात्री रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे नियम काढून बसले. इंग्रजी किचकट आहे, पण अर्थ स्पष्ट आहे. बोट लावून होणारी ई-केवायसी ही खातं उघडायची एक पद्धत आहे, एकमेव नाही. सरकारी योजनेचा लाभ थेट खात्यात घ्यायचा असेल तर आधार क्रमांक लागतो. पण तिथेही इजा, आजार, म्हातारपण किंवा तशाच कारणाने बोट जुळत नसेल, तर बँकेने आधारची ऑफलाइन (बोट न लावता) पडताळणी करायची, नाहीतर दुसऱ्या ओळखपत्राची प्रत घेऊन ओळख पटवायची. आणि योजनेचे पैसे नकोच असतील, नुसतं खातं हवं असेल, तर मतदान कार्डावरही खातं उघडतं. 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली, ते याच अर्थाने.

अजून एक सापडलं, त्याने मला धीर आला. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातल्या पीडित आणि दृष्टिहीन लोकांच्या याचिकांवर निकाल दिला. डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, अशा केवायसीत ही माणसं अडकत होती. न्यायालयाने म्हटलं की अशा डिजिटल सोयींपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नियमात घातलं की केवायसीचा अर्ज नीट विचार न करता नाकारायचा नाही, आणि नाकारला तर संबंधित अधिकाऱ्याने कारण नोंदवून ठेवायचं. ज्यांचे डोळे यंत्राला चालत नाहीत त्यांच्यासाठी लागू झालेली गोष्ट, ज्यांची बोटं चालत नाहीत त्यांनाही लागू व्हायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

सकाळी मी साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहिला. अक्कांचं नाव, पत्ता, व्यवसाय विडी कामगार. कामामुळे बोटांचे ठसे उमटत नाहीत, म्हणून मतदान कार्ड आणि आधारची प्रत घेऊन खातं उघडावं. उघडता येत नसेल तर कारण लेखी द्यावं. खाली अक्कांचा अंगठा. दोन प्रती काढल्या, एकीवर बँकेचा शिक्का आणि तारीख घ्यायची. या वेळी काउंटरला थांबलेच नाही, थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो.

मॅनेजरबाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला. मग अक्कांना म्हणाल्या, हात दाखवा. अक्कांनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. बाईंनी त्याच साहेबांना आत बोलावलं आणि सांगितलं, कागदपत्रांवर करून घ्या, मी मंजूर करते. मतदान कार्डाची मूळ प्रत पाहून झेरॉक्सवर सही केली, फोटो चिकटवला, अधिकाऱ्यासमोर अंगठा घेतला. जे इतका काळ सिस्टीममध्ये बसत नव्हतं, ते जेवणाच्या सुट्टीच्या आत बसलं. मला आनंद झाला आणि चीडही आली. मॅनेजरबाईंचे आभार मी तिथेच मानले. पण कागदावर "कारण लेखी द्यावं" हे लिहिलं नसतं तर तो कागद आत पोचला असता का, याची मला शंका आहे. तेवढे शब्द तुमच्या अर्जात नक्की टाका.

आता आठवेल तसं सांगते.

बोट लावायचंच झालं तर अंगठ्यावर अडून बसू नका. आधारमध्ये दहाही बोटं असतात. विडी वळणाऱ्या बायकांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बरंच शाबूत असतं, डाव्या हाताचं आणखी बरं. कामाला बसायच्या आधी, हात साबणाने धुऊन जा. पुढे एकदा बँक मित्राकडे अक्कांच्या डाव्या करंगळीवर हिरवा दिवा लागला, तेव्हा तो पोरगा अक्कांपेक्षा जास्त खूश झाला.

जनधन खात्यात किमान शिल्लक लागत नाही. "हजार रुपये भरा, मग उघडतो" असं कोणी म्हणालं तर भरायचे नाहीत, योजनेचं नाव घेऊन विचारायचं. ही योजना 28 ऑगस्ट 2014 पासून आहे, देशात अशी 56 कोटींवर खाती आहेत, त्यांतली निम्म्याहून जास्त बायकांची. बँकेला हे काही नवीन नाही.

पैसे काढायला बोटावर विसंबू नका. खात्याचं रुपे एटीएम कार्ड मागून घ्या आणि पिन स्वतः टाकायला शिकवा. अक्का दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा बरोबर. आता मला मशीनजवळ उभं राहू देत नाहीत, नंबर दिसतो म्हणून. कार्डावर 2 लाखांचा अपघात विमा आहे (28 ऑगस्ट 2018 नंतर उघडलेल्या खात्यांना), पण अपघाताच्या आधीच्या 90 दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं हवं. म्हणून थोडे का होईना, पैसे काढत राहा.

फॉर्मबरोबर विम्याचे दोन कागद सहीला येतात. 20 रुपयांचा अपघाताचा आहे, 70 वर्षांपर्यंत मिळतो, तो जरूर घ्या. 436 रुपयांचा जीवन ज्योती, म्हणजे आयुर्विमा, नव्याने घ्यायला वय 50 च्या आत लागतं. अक्कांच्या फॉर्मवरही त्याची खूण आधीच केलेली होती, मी खोडायला लावली. हे पैसे दरवर्षी आपोआप कापले जातात, विचारूनच अंगठा द्या.

ज्यांच्याकडे यांतलं एकही ओळखपत्र नाही, त्यांच्यासाठी छोटं खातं असतं. फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा, एवढ्यावर. शिल्लक 50 हजारांपर्यंत, वर्षात जमा 1 लाखापर्यंत, महिन्याला काढता येतात 10 हजार. बारा महिने चालतं, तोवर ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला की आणखी बारा महिने. याबद्दल काउंटरवर कोणीही स्वतःहून बोलत नाही.

2025 मध्ये जुलै ते सप्टेंबर या काळात ग्रामपंचायतींत जनधन आणि केवायसीची शिबिरं झाली. चांगली गोष्ट. पण आमच्या गल्लीत मला एकही शिबिर दिसलं नाही. शहरात बँका पावलोपावली आहेत म्हणून शहरातल्या सगळ्यांची खाती आहेत, असं धरून चालतात. विडी कारखान्याच्या आवारात, मजुरीच्या दिवशी एक टेबल टाकलं तर कितीतरी बायकांचा रोज वाचेल. हे मी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेला (जिल्ह्यातल्या बँकांचं काम जुळवणाऱ्या बँकेला) लिहून कळवलं आहे, उत्तराची वाट बघतेय.

बँकेने लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. आम्हाला तिथपर्यंत जावं लागलं नाही, पण शिक्क्याची प्रत मी त्याचसाठी जपून ठेवली होती.

समोरच्या घरातल्या दोघी येत्या सोमवारी जाणार आहेत. अर्ज त्याच नमुन्याचा, फक्त नाव-पत्ता बदललाय. त्यांच्याबरोबर अक्का जाणार, मला कारखान्यातून सुट्टी नाही.