क्युसम डिटेक्टर: ०.२ डेसिबलचा प्रश्न सुटला

८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवरचा माझा क्युसम डिटेक्टर, म्हणजे क्षीण रेडिओ सिग्नल आला की इशारा देणारा प्रोग्रॅम, आता भर दुपारीही नीट चालतो. याच टप्प्यासाठी सगळा खटाटोप होता, म्हणून सविस्तर लिहितो.

हा पट्टा २००५ पासून विनापरवाना खुला आहे: १ वॉटपर्यंत ट्रान्समीटर, २०० किलोहर्ट्झपर्यंत कॅरिअरची रुंदी. फास्टॅगचे रीडर इथेच, लोरा (कमी पॉवरवर दूरपर्यंत डेटा पाठवायची रेडिओ पद्धत) वापरणारे सेन्सरही इथेच. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला गच्चीवर आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) आहे. सेकंदाला २४ लाख सॅम्पल घेतले की अख्खा पट्टा एकदम दिसतो. चाचणीचा लोरा नोड मखमलाबादला मावसभावाच्या द्राक्षबागेत, ८६५.०६२५ वर. मधे सगळं शहर, त्यामुळे सिग्नल हवा तसा क्षीण मिळतो.

क्युसम ही पेजची १९५४ मधली पद्धत. दर सॅम्पलला ‘सिग्नल आहे’ आणि ‘नुसता नॉईज आहे’ या दोन शक्यतांच्या गुणोत्तराचा लॉग घ्यायचा, बेरजेत मिळवायचा. बेरीज ऋण झाली की शून्यावर आणायची, थ्रेशोल्ड, म्हणजे ठरवलेली मर्यादा, ओलांडला की इशारा. ठरावीक खिडकी भरेपर्यंत थांबावं लागत नाही, हे तिचं बळ.

१२५ किलोहर्ट्झच्या चॅनलवर सेकंदाला सव्वा लाख सॅम्पल धरा. सरासरी तासाला एकाहून जास्त खोटा इशारा नको असेल तर थ्रेशोल्ड २० पुरतो. दिवसाला एक हवा असेल तर? फक्त २३! संबंध लॉगचा असल्यामुळे खोट्या इशाऱ्यांपासूनचं संरक्षण फार स्वस्तात मिळतं. सिग्नल नॉईजइतका असेल तर साधारण ६५ सॅम्पलमध्ये, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदात निकाल. नॉईजच्या दहाव्या हिश्शाइतकाच असेल तर मात्र ३४ मिलिसेकंद. लोराचा एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर) जितका मोठा तितकी पाठवणी सावकाश. एसएफ१२ चा प्रीअँबल, म्हणजे संदेशाआधीचा ठरावीक भाग, सुमारे ४०० मिलिसेकंदांचा, तिथे भरपूर वेळ आहे. एसएफ७ चा जेमतेम साडेबारा. इतका क्षीण एसएफ७ प्रीअँबलमध्ये सापडणार नाही, हे गणितच सांगतं.

खरी किंमत मोजावी लागते ती नॉईजची पातळी नेमकी माहीत असण्यासाठी. दहाव्या हिश्शाच्या सिग्नलसाठी बसवलेल्या क्युसमला नॉईज ४.८ टक्क्यांनी वाढला, म्हणजे जेमतेम ०.२ डेसिबल, की बेरीज आपोआप वर चढू लागते. मग थ्रेशोल्ड कितीही वाढवा, इशारे येतच राहतात. गच्चीवरचं डोंगल उन्हात तापलं की एवढा फरक सहज पडतो.

म्हणून आता नॉईज दर क्षणी शेजारच्या चॅनलांवरून मोजतो. त्यांच्या पॉवरचा मध्यक घेऊन ०.६९३ ने भागायचं, कारण नुसत्या नॉईजच्या पॉवरचा मध्यक सरासरीच्या ०.६९३ पट असतो. सरासरीऐवजी मध्यक मुद्दाम घेतला: एखाद्या चॅनलवर जोरदार रीडर सुरू झाला तरी तो फारसा हलत नाही. डोंगलचा प्रतिसाद पट्टाभर सपाट नसतो, त्यामुळे प्रत्येक चॅनलचा गुणक अँटेना काढून, जागी ५० ओहमचा लोड लावून काढला. ऑटो गेन (डोंगलने आपोआप सिग्नल कमी-जास्त वाढवणं) अर्थातच बंद. हे झाल्यापासून दुपारचे खोटे इशारे थांबले, आणि बागेतला एसएफ१२ प्रीअँबल संपायच्या आत पकडला जातो.

पुढचं काम: सिग्नल किती जोरात येईल हे आधी माहीत नसतं, तेव्हा तीन वेगवेगळ्या पातळ्यांचे क्युसम एकत्र चालवायचे. थ्रेशोल्ड त्यासाठी १.१ ने वाढवला की पुरे. पायथनचा कोड लिहून तयार आहे. मावसभावाची फवारणी उरकली की नोडची पॉवर बदलत चाचणी घेईन.