न्यू जर्सीत लिकर लायसन्स घेताना: "हा पैसा आला कुठून?"

न्यू जर्सीत रेस्टॉरंटसाठी लिकर लायसन्स विकत घेण्याचा विचार करणाऱ्या मराठी मंडळींना सर्वांत आधी एकच सांगते. भारतातून आलेला पैसा या व्यवहारात घालणार असाल, तर त्याची कागदपत्रे करारावर सही करण्यापूर्वी हाताशी ठेवा. बोटांचे ठसे, जागेचा नकाशा, भाडेकरार, वर्तमानपत्रात लागोपाठ दोन आठवडे द्यावी लागणारी जाहीर सूचना, हे सगळे आमच्या बाबतीत विनातक्रार पार पडले आणि त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. आम्ही अडलो ते पैशाच्या उगमापाशी, आणि त्याचा मनस्ताप अजून ओसरलेला नाही.

आमचे रेस्टॉरंट कित्येक वर्षे लायसन्सशिवाय चालले. अशा ठिकाणी ग्राहक स्वतःची बिअर किंवा वाइन घेऊन येऊ शकतात. गावाने मनाई केली नसेल तर राज्याची त्याला हरकत नसते. पण मेजवान्या आणि लग्नाच्या पार्ट्या आमच्याकडून सुटत होत्या, म्हणून आम्ही लायसन्स घ्यायचे ठरवले. येथे नवे लायसन्स मिळणे जवळपास अशक्य असते, कारण राज्याच्या कायद्यानुसार टाउनशिपला, म्हणजे गावाच्या स्थानिक प्रशासनाला, दर 3,000 रहिवाशांमागे एकच बार-रेस्टॉरंटचे आणि दर 7,500 रहिवाशांमागे एकच दुकानाचे लायसन्स देता येते. त्यामुळे दुसऱ्याचे जुने लायसन्स विकत घेऊन ते आपल्या नावावर करून घ्यावे लागते, आणि मागणी असलेल्या गावांत त्याची किंमत काही लाख डॉलरपर्यंत जाते. ही मर्यादा आता सैल व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. जानेवारी 2024 मध्ये झालेल्या दुरुस्तीने वापराविना पडून राहिलेली लायसन्स पुन्हा चलनात आणण्याची वाट काढली असली, तरी लहान व्यावसायिकाला तेवढे पुरेसे नाही.

आमच्याकडे पूर्ण रक्कम नव्हती. बाबा पुण्यात भावाकडे राहायला गेल्यावर त्यांनी कोथरूडचा फ्लॅट विकला होता, आणि त्यातला मोठा हिस्सा त्यांनी मला भेट म्हणून पाठवला. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम) योजनेत भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. बाबांनी बँकेत ए-टू फॉर्म भरला आणि रक्कम रीतसर माझ्या खात्यात आली. आमच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता.

टाउनशिपच्या वतीने अर्जाची चौकशी करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांच्या दृष्टीने तो तिथून सुरू झाला. आधी त्यांनी बाबांच्या बँकेची स्टेटमेंट मागितली, ती आम्ही दिली. मग फ्लॅटच्या विक्रीचा पुरावा मागितला. नोंदणी झालेला दस्त आणि इंडेक्स टू दोन्ही मराठीत होते, म्हणून प्रमाणित भाषांतर करून आणा, असे सांगण्यात आले. भाषांतर दिल्यावर ते नोटराइज्ड हवे होते, हे कळले. आधी सांगितले असते, तर एकदाच करून आणले असते. ते झाल्यावर मला पुन्हा बोलावून घेतले. त्या अधिकाऱ्यांनी इंडेक्स टू आणि बाबांचे स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवले आणि एका रकमेवर पेनचे टोक टेकवून विचारले, की हाच आकडा तीन महिन्यांनी पुन्हा जमा कसा झाला? बाबांनी विक्रीची रक्कम मुदत ठेवीत ठेवली होती आणि ती मोडल्यावर मुद्दल परत बचत खात्यात आले होते. मी तोंडी समजावले, त्यांना ते पटलेही, तरी बँकेचे पत्र लागेलच, असे ते म्हणाले. पुण्याच्या शाखेकडून इंग्रजी पत्र मिळवण्यासाठी बाबांना या वयात खेटे घालावे लागले, याचा राग मला आजही येतो.

सगळ्यात चिवट मुद्दा याहून वेगळा होता. बाबा देणगीदार आहेत, सावकार आहेत की भागीदार आहेत, हे ठरत नव्हते. कर्ज असेल तर ते अर्जात दाखवावे लागते, आणि नफ्यात वाटा असेल तर त्या व्यक्तीचीही चौकशी व्हावी लागते. लेकीला वडिलांनी दिलेले पैसे, यापलीकडे आमच्या घरात त्याला काही नाव नव्हते. अखेर आमच्या वकिलांनी बाबांच्या नावे एका पत्राचा मसुदा केला: ही रक्कम परत मागितली जाणार नाही, धंद्यात, नफ्यात किंवा लायसन्समध्ये देणाऱ्याचा कोणताही हक्क राहणार नाही. बाबांनी त्यावर सही केली आणि फोनवर एवढेच विचारले, "अगं, माझ्या घामाच्या पैशावर त्यांचा संशय का?"

त्यांना उत्तर देण्यासाठी मी हा कायदा नीट वाचला, आणि चीड कायम राहूनही प्रश्नामागचे कारण मला पटले. दारूबंदीच्या आधीच्या काळात अमेरिकेतील असंख्य सलून, म्हणजे त्या काळचे बार, नावाला मालकाची आणि प्रत्यक्षात बिअर कंपन्यांची असत. भाडे, फर्निचर, लायसन्सची फी कंपनी भरत असे, आणि त्या बदल्यात तिचाच माल, तोही जास्तीत जास्त, खपवावा लागत असे. 17 जानेवारी 1920 पासून देशभर बंदी आली. न्यू जर्सीचा तिला मुळातच विरोध होता. बंदीच्या घटनादुरुस्तीला या राज्याने मान्यता दिली ती 1922 मध्ये, बंदी लागू झाल्यानंतर. किनाऱ्यापासून दूर समुद्रात दारूची जहाजे नांगरलेली असत, आणि नेवार्कच्या लाँगी झ्विलमनसारख्या टोळीप्रमुखांनी त्या धंद्यात अफाट पैसा केला. 5 डिसेंबर 1933 रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने बंदी उठली, तेव्हा हा पैसा उजळमाथ्याने बारमध्ये शिरायला टपलेला होता.

त्या दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमाने एखाद्या राज्याचा कायदा मोडून तिथे दारू नेण्यास मनाई केली, आणि नियमनाची सूत्रे राज्यांच्या हाती गेली. म्हणून मिसिसिपीने 1966 पर्यंत बंदी ठेवली, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने सरकारी दुकाने काढली, आणि न्यू जर्सीने राज्याचे नियंत्रण खाते उभारून लायसन्स देण्याचे काम गावांवर सोपवले. उत्पादक, घाऊक विक्रेता आणि किरकोळ विक्रेता यांची मालकी एकमेकांपासून वेगळी ठेवली. वॉशिंग्टनमधल्या एकाच कार्यालयाला आमच्या टाउनशिपमधल्या बारमागचा खरा मालक कोण, हे कधीच कळले नसते. इथल्या क्लार्कला आणि पोलिसांना ते कळू शकते. मी हे बाबांना सांगितले. ते मुंबई दारूबंदी कायदा, 1949 च्या छायेत वाढलेले, पिण्यासाठी परवाना लागणाऱ्या राज्यातले. आपल्याकडेही दारू हा राज्यसूचीतला विषय आहे, म्हणूनच गुजरातचा कायदा निराळा आणि गोव्याचा निराळा. त्यांना मुद्दा चटकन समजला. मात्र कागद एकाच वेळी का मागितले नाहीत, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

आता आठवेल तसे सांगते. येथे लायसन्सचे वर्ष 30 जूनला संपते. तुमची फाइल जूनमध्ये लोंबकळत असेल, तर नूतनीकरण विकणाऱ्याला करावे लागते आणि त्यासाठी राज्याच्या करखात्याचे ना-थकबाकी प्रमाणपत्र लागते; करारात ही जबाबदारी त्याच्यावर स्पष्ट शब्दांत टाका. घाऊक व्यापाऱ्यांचे त्याच्याकडे काही येणे बाकी आहे का, हेही आधीच विचारा. रक्कम एस्क्रोमध्येच, म्हणजे तटस्थ तिसऱ्या पक्षाच्या ताब्यात, ठेवा आणि टाउनशिपच्या कौन्सिलचा ठराव झाल्याशिवाय ती मोकळी करू नका. आमच्या कौन्सिलच्या विषयपत्रिकेवरून आमचे नाव एकदा मागे पडले आणि पुढच्या बैठकीपर्यंत हातावर हात धरून बसावे लागले. परदेशातील व्यक्तीकडून वर्षभरात एक लाख डॉलरहून अधिक भेट मिळाली, तर आयआरएसकडे (अमेरिकेच्या केंद्रीय करखात्याकडे) फॉर्म 3520 भरावा लागतो. त्यावर कर नसतो, पण न भरल्यास दंड जबर असतो, आणि हे आम्हाला बँकेने नव्हे, तर आमच्या अकाउंटंटने सांगितले.

ठराव एकमताने मंजूर झाला, तेव्हा मला अभिमान वाटला, कारण पै न् पैचा हिशेब आम्ही उघडपणे मांडला होता. पूर्ण अर्जाची प्रत आता काउंटरमागे फाइलमध्ये असते. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला ती दाखवावी लागते, आणि त्यात बाबांचे पत्रही लावलेले आहे. टाउनशिपच्या क्लार्कना मी लेखी विनंती केली आहे, की परदेशातून येणाऱ्या रकमेसाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी, भाषांतर आणि नोटरीच्या अटींसह, अर्जासोबतच द्यावी. उत्तर अजून आलेले नाही. पुढच्या कौन्सिल बैठकीत नागरिकांसाठी राखलेल्या वेळेत मी ती मागणी पुन्हा मांडणार आहे.