रविवारचा फोन झाल्यावर

रविवार, रात्री साडेनऊ.

आईचा फोन ठेवला की वही लगेच उघडायची नाही. आधी ओटा पुसावा, कपड्यांच्या घड्या घालाव्यात, वीसेक मिनिटं हात कामात असू द्यावेत. ठेवल्या ठेवल्या लिहिलं की कागदावर फिर्याद उतरते. हवं असतं ते तिचं वाक्य, शब्दाला शब्द.

पानावर उभे तीन रकाने. पहिल्यात ती काय म्हणाली: "पडद्यांचा हा रंग कुणी निवडला?" दुसऱ्यात, ते ऐकून मनात काय उठलं: "मला एक गोष्ट धड जमत नाही." तिसऱ्यात पुढचं: छातीत गच्च, पोरावर खेकसणं, बारापर्यंत जाग. मांडणी मुळात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची, १९५५च्या सुमारास त्यानं सुरू केलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतली. मराठीत ती कि. मो. फडक्यांनी रुजवली. गोम मधल्या रकान्यात. तोच कोरा राहतो, किंवा पहिल्यात घुसतो. "आईनं पाणउतारा केला" असं पहिल्यात लिहिलं की चुकलं. तिनं पडद्यांचं विचारलं. पाणउतारा हा आपण लावलेला अर्थ.

मधल्या रकान्यात बहुतेकदा एक 'च' सापडतो. "आईनं माझं कौतुक केलंच पाहिजे." तेवढा 'च' आणि 'पाहिजे' खोडायचं. "केलं असतं तर बरं वाटलं असतं" हे मात्र राहू द्यायचं. उत्साहाच्या भरात माणसं इच्छाही खोडतात आणि "मला काही फरक पडत नाही" असं लिहून मोकळी होतात. ती थाप दिवाळीत, चकलीच्या सोऱ्यावरून भांडण लागलं की, उघडी पडते.

पण सगळंच काही आपल्या मनाचे खेळ नसतात. चार नातेवाइकांत दुसरं मूल होत नाही म्हणून टोमणा मारला, तर तो टोमणाच. तिथं रकाने आखत बसू नये, वाक्य तयार ठेवावं. "आई, या विषयावर मी बोलणार नाही. बाबांच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले?" बस्स. कारण द्यायचं नाही, कारण दिलं की त्यावर वाद सुरू होतो. "आता बोलायचीही चोरी झाली!" असं येणारच. पुन्हा तेच वाक्य, त्याच आवाजात. तिसऱ्यांदा, "ठेवते आता, बुधवारी करते." आणि बुधवारी फोन करायचाच. (हा 'च' ठेवावा.) बुधवार चुकला की त्याचा अबोला होतो, आणि अबोल्यात ती आपल्याला हार जाणारी नाही.

जुन्या, साचलेल्या गोष्टींना हे रकाने पुरत नाहीत. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकरच्या १९८६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी मनाला लागलेल्या प्रसंगांवर ओळीनं चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहिलं होतं. तसं करून पाहावं, पण लिहून झाल्या झाल्या मन आणखी जड होतं. म्हणून माहेरी निघायच्या आठवड्यात नको. आणि ती पानं फोटो काढून आईला व्हॉट्सॲपवर पाठवायची नाहीत. तिकडून उत्तर येतं, "एवढं सगळं करून हेच ऐकायचं का?", आणि मग नवी वही लागते. झोप आठवडेच्या आठवडे उडालेली असेल तर वही बाजूला ठेवून १४४१६ लावावा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं.

पानाच्या तळाशी दोन ओळी मोकळ्या सोडायच्या, दुसऱ्यांकडून कळलेल्यासाठी. तोंडावर कौतुक केलं की पोरं शेफारतात, या समजात वाढलेल्या बायका मुलीची बढती मावशीला सांगतात, मुलीला नाही. मावशीकडून आलेलं तिथं तारखेसह लिहावं. डब्यातून आलेलंही. समोर 'प्रेम' वगैरे लिहायचा मोह होतो, तो टाळावा, नाहीतर पुढच्या फोनला तेच मागायला जीव जातो. नुसती नोंद करावी: मेतकूट, पाव किलो. बरणीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी, "ओला चमचा घालू नये."