आत्याबाईचे डोळे आणि एक जीबी रॅम

आमच्या दारव्हा तालुक्यात लग्नाचा अल्बम दुकानात बसून कोणी निवडत नाही. पाहुणे पांगले की निरोप येतो, "फोटो घेऊन घरीच ये." मग छपरीत खाटेवर नेटबुक, म्हणजे छोटा लॅपटॉप, आणि भोवती नवरदेवाची आई, आत्याबाई, जावा, शेजारच्या बाया. लाइनचा भरवसा नाही, म्हणून बॅटरीवर चालणारं हे जुनं मशीनच बरं पडतं. अ‍ॅटम एन270 प्रोसेसर, 1 जीबी रॅम, 1024 बाय 600 चा स्क्रीन. वर डेबियन 12 ही लिनक्स आणि एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप. हा प्रोसेसर 32-बिटचा, आणि डेबियन 13 ला 32-बिटचा इन्स्टॉलरच नाही, त्यामुळे आहे तिथंच मुक्काम.

इथं फोटो बघायचा प्रोग्राम कोणता, हा प्रश्न चैनीचा नाही. बाण दाबल्यावर पुढचा फोटो यायला तीन-चार सेकंद लागले, की आत्याबाई शेजारणीशी मानपानाचा विषय काढतात, आणि तो विषय सुरू झाला की अल्बम गेला उद्यावर.

लोक "हलका प्रोग्राम सांग" म्हणतात, पण वजन मुळात फोटोचं असतं. माझ्या कॅमेऱ्याचा फोटो 6000 बाय 4000, म्हणजे 2.4 कोटी पिक्सेल. कार्डावर ती जेपेग फाइल आठ-दहा एमबीची दिसते, पण स्क्रीनवर आणायला ती पूर्ण उलगडावी लागते. पिक्सेलमागे चार बाइट धरले तर एकच फोटो 96 एमबी रॅम खातो. प्रोग्रामने हुशारी करून पुढचा फोटो आधीच उघडून ठेवला, तर गेले जवळपास दोनशे. उरलेल्या रॅमात डेस्कटॉपही बसवायचा. तो बसला नाही की स्वॅप सुरू होतो, म्हणजे रॅममध्ये न मावलेलं डिस्कवर जातं, आणि जुनी हार्डडिस्क नुसती करकरत बसते.

म्हणून घरी जायच्या आदल्या रात्री इमेजमॅजिक या फोटोंच्या प्रोग्राममधल्या मॉग्रिफाय कमांडने सगळ्या फोटोंच्या 1024 पिक्सेल रुंदीच्या प्रती वेगळ्या फोल्डरात काढतो. आडव्या फोटोची अशी एक प्रत रॅममध्ये जेमतेम 2.8 एमबी. सोबत ऑटो-ओरिएंट लावलं की उभे फोटो आडवे पडत नाहीत. फक्त मॉग्रिफायला वेगळा पाथ, म्हणजे प्रती ठेवायच्या फोल्डरचा पत्ता, द्यायचाच. नाही दिला तर तो मूळ फोटोवरच लहान प्रत लिहून मोकळा होतो, आणि मग नवरदेवाच्या बापाला काय तोंड दाखवणार?

लहान प्रती झाल्या की कोणताही साधा व्ह्यूअर, म्हणजे फोटो दाखवणारा प्रोग्राम, पळतो. एलएक्सडीईसोबत येणारा जीपिकव्ह्यू चालतो. माऊसवाल्यांना व्ह्यूनिअर आवडेल. स्वतःची लायब्ररी बनवणारे, आधी सगळं इम्पोर्ट करा म्हणणारे प्रोग्राम मात्र या मशीनवर नकोच. मला फोटो सांभाळायचे नाहीत, निवडायचे आहेत.

त्या कामाला फेह या व्ह्यूअरसारखा दुसरा नाही. त्यात बटणं नाहीत, मेनूची पट्टी नाही, पूर्ण स्क्रीनभर फक्त फोटो. पण 0 ते 9 या आकड्यांना आपल्या कमांड जोडता येतात. मी 1 ला "ही फाइल 'पसंत' फोल्डरात कॉपी कर" जोडलंय. बायांनी "हा घे" म्हटलं की 1 दाबायचा. कॉपी होते आणि फेह आपणहून पुढच्या फोटोवर जातो. एनएसएक्सआयव्ही या दुसऱ्या व्ह्यूअरमध्येही एम दाबून खुणा करता येतात आणि -o लावून उघडला असेल तर बंद करताना तो खुणा केलेल्या फाइलींची यादी देतो. तेही चांगलं आहे, पण मला फोल्डर भरताना दिसलेलं बरं वाटतं.

खरी परीक्षा पुढं. "काऊन रे बाबू, माह्ये डोये मिटले त नाही न याच्यात? मोठा कर बरं." लहान प्रत मोठी केली तर डोळ्याच्या जागी नुसते चौकोन. म्हणून 2 ला तोच नंबर असलेली मूळ फाइल व्ह्यूनिअरमध्ये उघडायची कमांड आहे. त्या कमांडच्या आधी अर्धविराम टाकला की फेह पुढे सरकत नाही, जागेवर थांबतो. मूळ फोटो यायला वेळ लागतोच, पण तेवढ्यापुरतं कोणी कुरकुरत नाही, स्वतःचे डोळे बघायचे असतात ना.

आणखी एक. फेहमध्ये डिलीट दाबलं तर फोटो फक्त यादीतून जातो, पण कंट्रोल धरून डिलीट दाबलं तर फाइलच जाते. खाटेभोवती पोरं असतात, त्यांची बोटं कुठंही पडतात. ते बटण फेहच्या कीजच्या फाइलीतून, म्हणजे कोणत्या बटणाने काय होतं ते लिहिलेल्या फाइलीतून, काढून टाकलंय.

संध्याकाळी 'पसंत' फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि दुकानात त्याच नंबरचे मूळ फोटो उचलायचे. पानं कशी लावायची त्यावर जावांचं भांडण होतं, ते मी दुकानातून फोनवर ऐकतो.