तुम्ही विचारलंत म्हणून: सड्यावरची डबकी खोल का करायची नाहीत?

रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, डबक्यांच्या नोंदी घेताना मला हमखास विचारलं जातं, "ताई, ही डबकी दिवाळीनंतर आटतातच. एखादा सुरुंग लावून खोल केली तर गुरांना बारमाही पाणी नाही का व्हायचं?" विचारणाऱ्याला गुरांची काळजी असते, म्हणून नीट सांगते.

ती आटतात म्हणूनच तिथे एवढे जीव जगतात. जांभ्यातले हे उथळ खळगे जूनमध्ये भरतात. वर्षभर पाणी नाही, त्यामुळे मासे टिकत नाहीत. मासे नाहीत म्हणून बेडकांची अंडी वाचतात. आंबोलीच्या कातळावरचा एक भेक असल्याच उथळ पाण्यात अंडी घालतो. शास्त्रात त्याची नोंद २००९ साली झाली आणि आज तो अतिसंकटग्रस्त आहे.

जुलैत पांढऱ्या ताटलीत एखाद्या डबक्याचं पाणी घेऊन बघा. नशीब असेल तर फेअरी श्रिम्प दिसेल: कोळंबीचा लांबचा नातलग, बोटाच्या पेराएवढा, जवळजवळ पारदर्शक. पोट वर करून उताणा पोहतो, पायांची सळसळ अखंड चालू. डबकं आटायच्या आत तो वाढतो, अंडी घालतो आणि मरतो. मे महिन्यात पाय ठेववत नाही अशा कातळाच्या भेगांत ती अंडी धुळीबरोबर पडून असतात. पहिल्या पावसात सगळी उबत नाहीत. पावसाने दडी मारून डबकं मधेच सुकलं, तरी मागे राहिलेली अंडी पुढे कामी येतात. मला याचं दरवर्षी नव्याने अप्रूप वाटतं.

म्हणून आमच्या वहीत सगळ्यात मोलाच्या दोन तारखा: डबकं भरलं कधी, आटलं कधी. खोली पट्टीने मोजायची, फोटो दरवेळी त्याच कोपऱ्यातून.

कास पठारही जांभ्याचंच. ते २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. कोकणातले बहुतेक सडे मात्र सातबाऱ्यावर नुसता पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. तिथे चिरेखाण निघते, कलमांसाठी मातीचा भराव पडतो, आणि भराव पडला की खालची अंडी कायमची गाडली जातात.

गुरांना पाणी हवंच. त्यासाठी सड्याखाली मातीत तळं खणा, मीही मदतीला येईन. वरच्या डबक्यांत डासांच्या भीतीने गप्पी मासे तेवढे सोडू नका. चतुराची पिल्लं तिथे डासांच्या अळ्या खातच असतात.