ओट्याला धरून

सकाळी तासभर फिरणाऱ्याचा तोल चांगलाच असतो, असा आमच्या चोपड्यातल्या फिरायला जाणाऱ्या मंडळींचा ठाम समज. जळगावच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने तो पहिल्याच भेटीत मोडीत काढला. मोठ्या जाऊबाईंचा खुबा मोडला, तोही मोरीत घसरून नाही, चांगल्या कोरड्या अंगणात. तेव्हापासून माझी पावलं आखूड पडत होती आणि हात भिंत शोधत होता. म्हणून मुलाने मला तिच्याकडे नेलं.

तिने आधी नुसतं मोजलं. हात छातीवर आडवे घेऊन ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं? सत्तरी ओलांडलेल्या माझ्यासारख्या बाईला निदान १० वेळा जमावं. मला नाही जमलं. मग खुर्चीवरून उठून ३ मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. शेवटी एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं भिडवून १० सेकंद उभं राहायचं. तिथे मी पार डगमगले.

"काकू, रोज चालता ते चांगलंच आहे," ती म्हणाली, "पण तोल जाईल अशी वेळ तुम्ही येऊच देत नाही. मग तो सुधारणार कसा?"

तिने जे शिकवलं त्याचा पाया न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातला. तिथे ८० वर्षं आणि त्यापुढच्या बायकांना घरच्या घरी व्यायाम करायला लावले, त्यांचं पडणं कमी झालं आणि १९९७ साली ते छापून आलं. आठवड्यातून तीन दिवस पायांची ताकद आणि तोल, बाकी दिवशी चालणं. मला त्यात आवडलं ते हे, की यंत्र कुठलंच नाही. पायाला बांधायचं वजन लागतं, ते मी जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून त्यात वाळू भरून केलं. सुरुवातीला अर्धा अर्धा किलो.

जागा स्वयंपाकघराची. ओटा कमरेच्या उंचीचा, भक्कम, कितीही भार टाका, हलणार नाही. दोन्ही हात ओट्यावर ठेवून टाचा उचलायच्या, मग बोटं उचलायची. ओट्याच्या कडेने आडवं चालायचं. फरशीच्या रेघेवर टाचेला बोटं लावत जायचं. एका पायावर उभं राहायचं. यातली खरी गोम हातांत आहे. आधी दोन्ही हात, ते सोपं वाटलं की एक हात, मग नुसतं एक बोट, मग हात ओट्यापासून वीतभर वर. सोपं झालं की आधार कमी करायचा, कारण थोडं डगमगल्याशिवाय पाय काही शिकत नाहीत. बरेच जण पहिल्याच पायरीवर वर्षभर राहतात आणि फरक पडत नाही म्हणतात.

पहिले काही आठवडे पोटऱ्या भरून यायच्या. नातू मोबाइलवर सेकंद मोजायचा आणि लबाडी केली की ओरडायचा. जाऊबाई कॉटवरून म्हणायच्या, "आते ह्या वयमा कसरत?" वैशाखात तर उन्हामुळे सकाळी सहाच्या पुढे बाहेर पाय टाकायची सोय नाही, तेव्हा ओट्याजवळचा हा व्यायाम फार उपयोगी पडला.

पाय तयार होत असताना एक वेगळीच गोष्ट निघाली. डॉक्टरांनी माझा बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असा दोनदा तपासला. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर चक्कर येऊ शकते. माझा उतरत होता. त्यांनी गोळीचा डोस बदलला, झोपेची गोळी हळूहळू बंद केली. (आपल्या मनाने कुणी असं करू नये.) आता रात्री लघवीला उठताना आधी कॉटच्या काठावर बसते, पावलं वरखाली हलवते, मग उठते. उशाशी बॅटरी असते, कारण आमच्याकडची लाइट कधी जाईल सांगता येत नाही. जुन्या घराचा उंबरा मात्र यजमान काढू देत नाहीत. त्यावर पिवळा पट्टा मारून तडजोड झाली आहे.

फरक कळला तो एसटीत. लाल गाडीच्या उंच पायरीवरून उतरताना कंडक्टरचा हात घ्यावा लागला नाही. परकर घालताना भिंत धरावी लागत नाही. श्रावणात कानबाईच्या रोटांच्या पंगतीला सगळ्यांबरोबर खाली बसले आणि कुणाला हाक न मारता उठले.

आता त्या मुलीने शेवटचा धडा दिला आहे: पडलंच तर उठायचं कसं. घाई करायची नाही, आधी कुठे दुखतंय ते बघायचं. खुबा किंवा मांडी दुखत असेल तर हलायचं नाही, माणसं बोलवायची. ठीक असेल तर कुशीवर वळायचं, रांगत खुर्चीपाशी जायचं, दोन्ही हात बैठकीवर ठेवून मजबूत पाय पुढे घ्यायचा आणि उठून बसायचं. गादीवर सराव करते, घरात कुणी असलं तरच. यजमान खुर्ची धरून उभे राहतात, एका हातात पेपर असतो त्यांच्या.