मीटर स्टुटगार्टात, सूचना नौपाड्यातून

धाकट्याने स्टुटगार्टला फ्लॅट घेतला. आज किल्ल्या मिळाल्या आणि मी ठाण्याला नौपाड्यातल्या गॅलरीत बसून दुपारभर त्याच्या तळघरात होते, व्हिडिओ कॉलवर. इमारतीचे सगळे विजेचे मीटर तिथे एका रांगेत, आणि दोन मीटरवरच्या चिठ्ठ्या पुसलेल्या. यांचा कुठला?

म्हटलं, "अरे, सुखदाला वर किटली लावायला सांग." किटली लागली मात्र, एका जुन्या काळ्या मीटरची चकती अशी गरगर फिरायला लागली की बास! "ताई, हाच!" मग नंबर, रीडिंग, फोटो, आणि ताब्याच्या कागदावर जुन्या मालकाची सही.

तिकडे वीज कुणाकडून घ्यायची ते आपण ठरवायचं. कुणालाच निवडलं नाही तरी अंधार होत नाही; त्या भागातली ठरलेली कंपनी कायद्यानेच वीज देते, दर मात्र बहुधा चढा. आपल्याकडे इंडेक्स टू, म्हणजे घरखरेदीच्या नोंदणीचा उतारा, जोडून महावितरणमध्ये नाव बदललं की झालं, ठाण्यात निवडायला आहे कोण?

टीव्ही नसला तरी सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचे घरटी महिना १८.३६ युरो. आई म्हणाली, "मग टीव्ही घ्या तरी!"

इथून नेलेल्या मिक्सरवरून वाद झालाच. व्होल्टेज आपल्यासारखंच २३०, पण आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटात जात नाही. अडॅप्टर आणतोय. इंटरनेटवाला पुढच्या महिन्यात येणार म्हणे, तोवर सगळं घर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर.